सात गोळ्या

तिसऱ्या दिवशीही वेस्ट्रेला बोट आली नाही.
मेरननं डबी टेबलावर उपडी केली.
सात.
दिवसाला तीन, म्हणजे परवा सकाळपर्यंत.

थोरफिन म्हणाला, एकेकच घे, पुरतील.
ती नुसतीच हसली.
पहिल्या वर्षी कंटाळून तिनं
एका दिवसात सगळं बंद केलं होतं.
रात्री भिंतीवरून खेकडे चालले,
अंग भट्टीसारखं तापलं,
पाय पोटाशी ओढले गेले
ओली दोरी आखडावी तसे.

आणि नाताळात एक गोळी वरून,
त्यावर अर्धा पेला व्हिस्की,
तर पाय इतके मऊ झाले
की न्हाणीच्या दारात ती बसली ती बसलीच,
हाक तोंडातच विरघळली.
तेव्हा कळलं,
ज्या ताठरपणाला जन्मभर शिव्या दिल्या
त्याच्याच खांद्यावर हात ठेवून
ती शेगडीपर्यंत जात होती.
पीळ सगळा गेला
तर सुंभही उभा राहत नाही.

कर्कवॉलहून दुकानातली बाई फोनवर म्हणाली,
मनानं कमी करू नकोस, वाढवू नकोस.
डॉक्टरांशी बोलले आहे.
वारा पडला की छोट्या विमानानं पाठवते,
नाहीच पडला तर उद्या दुपारी
तुमच्या बेटावरची नर्स काहीतरी करेल.

वारा काही पडला नाही.
दोनची गोळी तिनं दोनलाच घेतली.
सहा.

थोरफिननं बूट चढवले.
धावपट्टीवर मेंढ्या शिरल्या असतील,
म्हणाला,
आत्ताच हाकलून येतो.