दोन डब्या

कोंढाळीच्या फाट्यावर नागपूरची गाडी येईपर्यंत
मी पिशवी मांडीवरच धरून बसले.
आत दोन डब्या, दोन्ही पांढऱ्या झाकणाच्या.
एकीत हरणीचं शेण, एकीत माझं.
झाकणांवर बॉलपेननं लिहिलंय :
‘गाय, गौळाऊ, सहा वर्षं’
आणि ‘कुंदा देवमन कोहळे, एकोणचाळीस’.
शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे वं पिशवीत, लोणचं ?
म्हटलं, हाव. पार बिघडलेलं.

हरणी वर्षभर वाळतेय.
ढेप खाते, कडबा खाते, तुरीचं कुटार खाते
अन् सगळं पाण्यासारखं मागं टाकते.
जबड्याखाली थैली लोंबते,
दाबली तर बोटाचा खड्डा तसाच राहतो, भिजल्या कणकेत राहतो तसा.
डॉक्टर लांजेवारांनी जंताचं औषध पाजलं,
एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा नुसतेच उभे राहिले.

माझं त्याच्याही आधीपासून.
आधी ठेचा सुटला, मग अंबाडीची भाजी, मग वरण,
मग लग्नाकार्याला जाणं.
रात्री चारदा मागचं दार वाजायचं.
सासू कूस बदलायची, बोलायची नाही.
मेडिकलला दुर्बीण घातली. कागदावर लिहून आलं :
क्षय किंवा क्रोन्स.
त्या ‘किंवा’वर सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या.
लघवी संत्र्याच्या रसासारखी,
आपल्या भागाला शोभेल अशी.
वजन अडतीसवरून हललं नाही.

मग लांजेवार एकदा ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले.
गाईच्या आतड्यात एक जंतू असतो, ताई,
क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ.
वासरू दूध पिताना आत शिरतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो.
तुमच्यासारख्या काही माणसांच्या आतड्यातही सापडला.
काहींच्या नाही सापडला.
तो आग लावतो, का लागलेल्या आगीवर हात शेकायला येतो,
हे अजून कोणाले सांगता येत नाही.
मी माणसांचा डॉक्टर नाही, असंही म्हणाले,
जाताना, फटफटीला किक मारता मारता.

बाबा धार काढायचे हरणीच्या पणजीची,
मी पितळी गडवा धरून उकिडवी.
फेसाचा पहिला घोट माझा.
तीन भावांवर एकटी पोरगी, तरी पहिला घोट माझा.
‘तापवू नको वं, तापवलं का जोर मरते.’
ओठावरची मिशी धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

त्या घोटात कोण होतं, बाबा ?
होतं का कोणी ?
भाऊही तेच दूध प्यायले.
तिघंही दणकट आहेत, हिरवी मिरची कच्ची चावतात.

परवा व्यापारी आला होता.
म्हणाला, सहा हजार देतो,
बाजारात पहाटे उभी केली का बिमारी दिसत नाही.
नाही दिली.
कोणाच्या गोठ्यात गेली असती, कोणाच्या गडव्यात.
नवरा दोन दिवस बोलला नाही.
कालवड वेगळी बांधली.
संघात दूध घालणं बंद केलं, खरं कारण सांगितलं नाही,
म्हटलं, आटली.
घरापुरतं शेजारून आणते, तीन उकळ्या देते
आणि तरी कपाकडे बघत राहते.

रवीनगरला उतरून आधी जनावरांच्या कॉलेजात गेले.
खिडकीतल्या पोरानं डबी घेतली, झाकण वाचलं :
ताई, हे तर माणसाचं नाव आहे.
दुसरी काढून दिली.
पोरगा हसला नाही, हे बरं केलं त्यानं.
म्हणाला, निकालाला तीन-चार महिने लागतात,
लय हळू वाढतो हा.
वाढू दे, म्हटलं.
अजून काही विचारायचं होतं, तेवढ्यात पोटात पीळ पडला.
मी फक्त संडास कुठं आहे ते विचारलं.