पान सत्तेचाळीस

नगर नियोजन खात्यात मी नकाशे रंगवत असे.
पिवळा म्हणजे वस्ती, हिरवा म्हणजे बागायत,
खाजनाला निळ्या तिरक्या रेघा.
पिवळी बाटली नेहमी आधी संपायची.

त्या वर्षी डॉ. एव्हेलिना मास्कारेन्यस आल्या,
अर्थतज्ज्ञ. पायांत रबरी चपला.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या, नकाशा राहू दे, स्कूटर आहे ना?
पर्वरीत रात्री साडेनऊला
आम्ही खिडक्या मोजल्या.
दोनशे बारा. उजेड एकतीस ठिकाणी,
त्यातले दोन रखवालदाराचे.

त्या लिहायच्या तेव्हा पेन्सिल कानामागे न जाता दातांत जायची.
"जमीन वाढत नाही, मजले वाढतात," हे पान बारा.
"रिकाम्या घरावर कर लावा,
कुलूप महाग होऊ द्या,
भाडं आपसूक खाली येईल," हे पान सत्तेचाळीस.
दोन्ही एकत्र, त्यांनी खाली दोनदा रेघ मारली होती,
एकटं पान बारा नको.

बैठकीत काजूच्या बशा फिरल्या.
पान बारा सगळ्यांना आवडलं.
सत्तेचाळीसवर शिक्का बसला: पुढील अभ्यासासाठी.

मग प्रत्येक फाइलीत त्यांचं नाव.
डॉ. मास्कारेन्यस यांच्या शिफारशीनुसार
चार मजल्यांचे सात झाले,
त्यांच्या शिफारशीनुसार सुकूरची टेकडी अर्धी उरली,
मानशीच्या तोंडाशी भराव पडला,
आणि पिवळा रंग मीच भरला,
कडेबाहेर जाऊ न देता.

त्यांची तीन पत्रं आली. आवक नोंदवहीत मीच चढवली.
चौथं आलं नाही.

माझा मुलगा बांबोळीच्या इस्पितळात परिचारक,
पर्वरीत खोली परवडेना म्हणून अस्नोड्याहून येतो.
रात्रपाळी संपवून घरी पोचतो
तोवर शेजारच्या घरी पेज शिजून जेवणंही झालेली असतात.
त्याला मी कधी सांगितलं नाही
की ही गोष्ट माझ्या टेबलावरून गेली.

निवृत्तीच्या दिवशी मी ते एक पान घडी करून आणलं.
चोरीच म्हणा.
पाठीमागे पेन्सिलीने आकडे लिहितो,
शेवटच्या बसमधून, पर्वरीच्या चढावर,
बस दम खात असते तेवढ्यात.
परवा सातव्या मजल्यावर एक खिडकी उजळली.
मी आकडा टाकायला पेन्सिल टेकवली,
तर उजेड वरून खाली सरकू लागला.
लिफ्ट होती.