राई नव्हे, राय

तार्तूला उतरले तेव्हा नदीवर धुकं होतं.
नदीचं नाव एमायोगी.
मी म्हटलं, चला, एक योगी तरी भेटला.
हसायला कुणी नव्हतं.

प्रयोगशाळेची किल्ली माल्लेच्या गळ्यात.
एकोणतीस वर्षं ती तळ्यांचा चिखल धुते आहे,
चाळणीतून, आम्लातून, पुन्हा चाळणीतून,
आणि उरेल ते काचपट्टीवर ठेवून
दर सप्टेंबरला कुठून कुठून येणाऱ्या
आमच्यासारख्यांच्या हाती देते.
पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी तीन वाक्यं बोलली.
एक दाराबद्दल: लावत जा.
दोन हातमोज्यांबद्दल.

काम असं:
तळ्याच्या तळाशी गाळ दरवर्षी एक रेघ ओढतो,
उन्हाळ्याची फिकी, हिवाळ्याची काळी,
दोन्ही मिळून जेमतेम एक मिलिमीटर.
त्यात त्या वर्षीच्या झाडांचे परागकण.
दर पट्टीवर पाचशे मोजायचे.
चीड: दोन फुगे बांधलेला.
ऑल्डर: पाच भोकं.
बर्च: तीन, ओठ पुढे काढल्यासारखी.
हेझल: बर्चसारखाच, पण ओठ मिटलेला.
निदान मला तसं वाटायचं.

फोनवर आई विचारायची, आज काय केलंस?
पाचशे मोजले.
आणि काल?
चारशे नव्वद. मग पट्टी फुटली.
ती जरा थांबायची. जेवलीस ना?

जानेवारीत, साडेतीनलाच अंधारताना,
माल्लेनं शेजारी स्टूल ओढलं,
भिंगात पाहिलं, बराच वेळ.
हे हेझल नाही, म्हणाली. बर्च आहे.
कधीपासून असं मोजते आहेस?
ऑक्टोबरपासून.
ती रागावली असती तर बरं झालं असतं.
तिनं मला जिन्यात नेलं,
डब्यातला काळा पाव कापून अर्धा पुढे केला.
येत्कु लेइबा, म्हणाली.
खाणाऱ्याला इथे असं म्हणतात: पाव पुरो.
मग आत जाऊन बेचाळीसच्या बेचाळीस पट्ट्या
पहिल्यापासून लावून ठेवल्या.

मार्चमध्ये नवा गाळ काढायला तळ्यावर गेलो.
काठावर राहणाऱ्या उर्मासनं
माशांसाठी पाडतो तसंच भोक पाडून दिलं
हातभर जाडीच्या बर्फात.
माझा डावा हातमोजा त्यात पडला.
काळ्या पाण्यानं तो आवाज न करता घेतला.
हजार वर्षांनी कुणाच्या तरी कामी येईल,
उर्मास म्हणाला, चेहरा न हलवता.
हा विनोद होता हे मला परतीच्या गाडीत कळलं.
माल्ले खिडकीकडे तोंड करून
तोवर हसून घेत होती.

एप्रिल. मंगळवार. दुसरी मोजणी.
पट्टी एकतीस, खोली दोनशे बारा सेंटीमीटर.
लांबट, थोराड,
एकच भोक, तेही एका टोकाला सरकलेलं.
राय.
त्याखालच्या एकाही थरात नाही.
म्हणजे त्या साली कुणीतरी
काठावरची झाडं जाळून कोमट राखेत
मूठभर धान्य फेकलं होतं,
उगवेल की नाही ठाऊक नसताना.
पहिल्या मोजणीत मी त्याला
'इतर गवतं' या रकान्यात टाकून पुढे गेले होते.

माल्लेला सांगितलं, आमच्याकडे राई म्हणजे मोहरी,
आणि राईचा पर्वत करतात आमची माणसं.
तिनं दोन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या.
एका कणाचा नाही करायचा, म्हणाली.
आणखी दोन शोध.

जूनपर्यंत शोधले.
दिवस रात्री अकरापर्यंत लांबला तरी शोधले.
एकच होता.
अहवालात मी 'बहुधा' लिहिलं,
वर्षभरातला सगळ्यांत महाग शब्द.
आई म्हणाली, म्हणजे सापडलं की नाही?
बहुधा, म्हटलं.

आता माल्लेचं पत्र आलंय, चार ओळींचं.
नवा मुलगा आला आहे, लेवान, जॉर्जियाचा.
दार लावत नाही.
पट्टी एकतीस त्याच्याकडे दिली आहे.
तू काय पाहिलंस ते सांगितलेलं नाही.