सराफाचा केर

आमचे हे गलाईवाले.
गाव विट्यापासून चार कोसांवर,
पण उमर गेली कोइमतूरला,
सराफी गल्लीमागच्या खोलीत, भट्टीपुढं.
सदऱ्याला ॲसिडची भोकं,
भोकांतून दिसणाऱ्या बनियनलाही भोकं.
दुकानांतला केर हे विकत घ्यायचे :
पायपुसणी, फडकी, फरशीच्या फटींतली माती,
एकदा तर मोरीतला गाळ.
जाळायचे, धुवायचे, आटवायचे.
शेवटी हरभऱ्याएवढा मणी.
म्हणायचे, सोनं संपलं असं कधी समजू नये,
फटीत असतंच.

सांगलीच्या सिव्हिलात बाकावर बसले की
हेच वाक्य आठवतं, भलत्याच अर्थानं.
डॉक्टरीण म्हणाली, रिपोर्ट छान,
विषाणू सापडत नाही.
गेला?
गेला नाही. सापडत नाही.
गाठींत, आतड्यात कुठंतरी झोपून असतो,
गोळी थांबली की उठतो.
मी मान हलवली.
गलाईवाल्याच्या बायकोला
एवढं फोड करून सांगावं लागत नाही.

आज बिरुदेव मोबाईल नाचवत आला.
परदेशात कुणी पार बरा झाला म्हणे,
दुसऱ्याच्या हाडातली मज्जा घालून.
खर्च?
बिरुदेवानं मनात मेंढरं मोजली
आणि मोबाईल खिशात घातला.

शालन तासगावात बेदाणा निवडते.
ती म्हणाली, आधी हीच गोळी वेळेवर येऊ द्या.
उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांची पुडी देत होते,
दर खेपेला एक खाडा, एक नवं खोटं.
सासूला तीनदा मारून झालंय माझं.
सगळे हसलो. शिपाई बघायला लागला.

अधिक एकोणीस वर्षांचा, जन्मापासूनचा.
कानातली वायर काढून म्हणाला,
बरं व्हायचं म्हणजे आधीसारखं व्हायचं ना?
मला आधी कुठाय?
यावर कुणालाच काही सुचलं नाही.
त्याचा नंबर पुकारला, तो गेला.

मी बोलले नाही.
बरं करणारा एक आमच्याही दारात आला होता,
मोटरसायकलवरनं, डबीत काळं चाटण.
चाळीस दिवस घ्यायचं, सरकारी गोळ्या बंद.
माझं गंठण ह्यांनी स्वतःच आटवलं,
हातचं शेवटचं काम.
काट्यावर धरून म्हणाले, बघ, गुंजभरही घट नाही.
घट ह्यांच्यात झाली.
चाटण संपायच्या आत
खाटेवर नुसती चादर दिसायला लागली.
गावात सांगितलं, गंठण एस्टीत पडलं.
शेजारीण अजून विचारते, सापडलं का गं?

तेव्हापासून औषध निघालं अशी बातमी आली की
मी आधी पिशवीत हात घालून बाटली चाचपते.

दुपारी तांबोळी मॅडमनी कागद वाचून दाखवला.
संशोधन आहे, दोन नळ्या जास्तीचं रक्त द्याल का?
खाली लिहिलेलं, यातून तुम्हाला फायदा होईलच असं नाही.
म्हटलं, हे परत वाचा.
त्यांनी वाचलं.
इतकं सरळ बोलणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं,
ना डबीवाला, ना गावातले, ना हे.
सही केली. सहीतला रफार विसरले, परत काढला.

नळी भरताना बघत होते.
काहीसुद्धा दिसत नाही तीत.
केरातही दिसायचं नाही.
असेल कुणी कुठं रात्रीचं जागत,
माझ्या फटीतला कण धुंडत.
त्यांच्याही सदऱ्याला भोकं पडत असतील का?

निघताना विचारलं,
औषध सापडलं तर कळवाल?
मॅडम म्हणाल्या, वर्षं लागतील, मावशी.
लागू द्या.
फोन शेजारणीचा आहे, लिहून घ्या.
जास्त बोलू नका तिच्याजवळ,
नुसतं म्हणा, सापडलं.
तिला वाटेल, गंठण.