रिकामी जागा

सगुण च्यारी खिळे जुळवायचा, उलटे,
आणि मी ओली प्रुफं तळव्यांवर घेऊन
धावायचो वास्कोच्या कचेरीत.
मेजावर निळी पेन्सिल.
पेन्सिलीमागे कायतान इश्क्रिव्हांव,
जोडाक्षर आलं की ओठ हलवून वाचणारा.

युद्ध आमचं नव्हतं.
आपण तटस्थ, असं रोज सांगायचे.
तरी तांदूळ मापाने आला, घासलेट चिठ्ठीवर,
आणि शब्द शिक्क्यावर.
केंकऱ्यांच्या थोरलीच्या लग्नपत्रिकेतलं
'सर्वांनी एकत्र जमावे' काट खाऊन परतलं.
सर्वांनी चालेल, म्हणाला. जमावे नको.
सगुणने 'यावे' बसवलं.
चारशे पानं उठली त्या मांडवात,
दोन शिपाईही होते,
सोलकढी दोनदा मागून घेतली त्यांनी.

मग ती रात्र.
बंदरात अडकून पडलेलं परक्यांचं जहाज पेटलं.
खिडकीच्या शिंपल्यांवर लाल उजेड हलत होता,
आणि आईने आमचाच दिवा विझवला,
कुणी विचारू नये म्हणून.
सकाळी रेतीवर तेलाने माखलेले बांगडे.
अख्ख्या गावाने पाहिलं.
अख्खं गाव म्हणालं, काय की बुवा.

सगुणने चार ओळी जुळवल्या.
एक विशेषण नव्हतं त्यांत.
निळी रेघ आडवी आली.
त्याने तेवढी जागा कोरी सोडली.
मी पुन्हा धावलो.
कायतानने कोऱ्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं,
ओठ न हलवता,
आणि त्यावरही फुली मारली.
लोक वाचता रे, म्हणाला,
हळू, जवळजवळ माझ्या कानात.

शेवटी तिथे भरती-ओहोटीच्या वेळा गेल्या.

त्या चार ओळी मात्र सगुणने सोडल्या नाहीत.
सुताने करकचून बांधल्या
आणि तपकिरीच्या डबीशेजारी ठेवल्या.
तेव्हापासून छापखान्यात 'ज' कमी पडू लागला.
मालक ओरडायचे. सगुण म्हणायचा, झिजले.
दुसऱ्या साच्यातला एक जाडा 'ज' उसना आणला आम्ही,
ओळीत उभा राहिला की थोडा वर निघायचा,
रांगेत टाचा उंचावून बघणाऱ्या माणसासारखा.

पुढच्या महिन्यात सरकारी फर्मान आलं छापायला,
अफवा पसरवणाऱ्यास कैद.
पहिलाच शब्द होता: जाहीर.
कायतानने प्रूफ वाचलं, त्या अक्षरापाशी थांबला,
पेन्सिल कानावर ठेवली
आणि शिक्का मारला.