कानाला हात

लिलाँग्वेत एक शब्द बदलला.
पंधराच्या जागी अठरा.
रेडिओने सांगितलं तेव्हा सलीमाच्या किनाऱ्यावर
आम्ही उसिपा वाळत घालत होतो,
बोटाएवढे मासे, बांबूच्या मांडवावर.
कुणीतरी म्हणालं, बरं झालं.
कुणीतरी विचारलं, अठरा म्हणजे कधी?

प्रश्न खुळा नव्हता.
आमच्याकडे पोर जन्मते
मोठ्या भुकेच्या साली,
नाहीतर पूल वाहून गेला त्याच्या मागल्या मक्याला.
दवाखान्याचं कार्ड असतं, ते उंदीर खातात.
अंगाने भरली की बाप म्हणतो, झाली मोठी.
कायदा आकडा मागतो
आणि आमच्या ओच्यात नुसत्या आठवणी.

अलिनाफेचा बाप कोर्टात उभा राहिला
उसन्या इस्त्रीच्या सदऱ्यात.
‘अठरा पूर्ण, बाईसाहेब.’
आवाज जरासुद्धा हलला नाही.
तो खोटं बोलत होता असंही नाही,
त्याने कधी मोजलंच नव्हतं.
मागच्या बाकावर मासळीचा व्यापारी, बांबो काफुम्बा.
त्याने होडीला इंजिन दिलं होतं.
‘बदल्यात’ हा शब्द कुणी काढला नाही.
सगळे म्हणत होते, मदत.

‘वयाचा पुरावा?’ मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं.

मी उठले.
मी फाइनेस, पहिलीच्या वर्गाची मॅडम,
एकतीस वर्षं तोच फळा.
माझ्याजवळ एक वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची,
मासळीचा वास मारणारी.
दरसाल शाळा उघडली की मी पोरं रांगेत उभी करते:
उजवा हात डोक्यावरून घ्या, डाव्या कानाला लावा.
लागला तर आत ये.
नाही लागला तर
पुढच्या वर्षी ये, बाळ, भरपूर न्सिमा खा.

मी पान काढून वाचलं.
‘अलिनाफे. हात दोन बोटं कमी. परत पाठवली.’
पुढल्या सालचं पान:
‘अलिनाफे. लागला. हसली.’
हे हसणं मी कशाला लिहिलं होतं कोण जाणे.

काफुम्बाचा वकील म्हणाला,
काही पोरांचे हात मुळातच आखूड असतात.
मॅजिस्ट्रेट बाईंनी काही न बोलता
आपला हात डोक्यावरून नेला,
कान चाचपला,
आणि कारकुनाने मान खाली घालून हसू गिळलं.

‘ती आत आली तेव्हा सहाची धरू,’ मी म्हणाले,
‘त्याला आठ वर्षं झाली. सहा आणि आठ किती?’
पहिलीला विचारते तशाच सुरात विचारलं,
दुसरा सूर मला येत नाही.
बाप गप्प. वकील गप्प.
दाराजवळून, चितेंजेच्या पदरातून,
ती म्हणाली: चौदा.

लग्न मोडीत निघालं.
इंजिनही गेलं.
तिचा भाऊ आता वल्ह्याने जातो, दुपार करून परततो,
तोवर चांगली मासळी विकली गेलेली असते.
तिची आई हातपंपावर भेटली की
बादली अर्धी सोडून निघून जाते. चार महिने झाले.
अलिनाफे सातवीत मागे बसते.
माझ्याकडे बघत नाही.
शब्द बदलणाऱ्यांनी
यातलं काही लिहिलेलं नाही,
मी कलम तीनदा वाचलं.

पण मी तेव्हापासून कानाला हात लावलाय:
आता भुकेचं साल नको, पुलाचं नको.
गावात पोर रडली की मी वही घेऊन जाते.
तारीख, वार, आईचं नाव.
बाळंतिणीही आता हाक मारतात,
‘मॅडम, लिहा,’ जणू मीठ मागावं.
एक म्हातारी म्हणाली, माझंही लिही ना.
कोणतं साल, आजी?
ती बराच वेळ तळ्याकडे बघत राहिली.

रात्री दिवा मालवताना
मी उजवा हात डोक्यावरून घेते.
सहज लागतो कानाला.
माझ्या अंगाला हळद नाही, तेल चोळलं होतं
आणि मावशीने सांगितलं होतं, रडायचं नाही.
तेव्हा तो लागत होता का,
की दोन बोटं कमी होता,
हे कुठल्याच वहीत नाही.