पुठ्ठा

निपाणी. रात्रीचे सव्वादोन.
वखार बंद होऊन अकरा वर्षं झाली
तरी भिंतीतून तंबाखू गेली नाही.
आता इथं मी, एक टेबल, दोन पडदे
आणि एक कर्नल,
दर चाळीस मिनिटांनी मान टाकणारा.

हा स्विच हातात धरता येत नाही.
तार नाही, लुकलुकणारा दिवा नाही.
मेमरीत मांडलेला चौक नुसता:
पॅकेट येतं, वाट विचारतं, वळतं, जातं.
एका पोर्टला मी आरसा लावलाय.
नक्कल पहारेकऱ्याकडे,
अस्सल आपल्या वाटेनं.
कोगनोळी नाक्यावरचा कॅमेरा असाच,
ट्रक पुढं जातो, फोटो मागं राहतो.

पण माझ्या नाक्यावर
फोटोतला नंबर खोडला
की दूधगंगेचा पूल ओलांडून गेलेल्या ट्रकचीही
पाटी कोरी होते.

गोकाकहून शिवलीलाचा फोन.
तिनंही जागरण केलेलं, आवाज बसलेला.
"हंचिकोंडिद्दर म्याल बरीब्याड."
वाटून घेतलेल्यावर लिहू नको.
नकलेला डोकं नवं मिळतं गं,
अंग दोघांत एकच.
तू नकलेवर टॅग चिकटवतेस
आणि खाज अस्सलाला सुटते.

तेव्हा बाळगोंडा काका आठवले,
याच खोलीतले दिवाणजी.
बिलबुकात पांढरं, गुलाबी, पिवळं पान,
मधे कार्बन,
आणि तिन्हींच्या खाली सरकवायचा एक पुठ्ठा.
एकदा विसरले.
हुपरीच्या व्यापाऱ्याचे सत्तावीस बोद
खालच्या बिलावर उमटले,
आणि आप्पण्णा मगदूम, ज्यानं नेले होते चार,
दारात उभा राहून
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला.
काका काही म्हणाले नाहीत.
पुढं मात्र रोज, पेन टेकवायच्या आधी,
पानाखाली बोट घालून चाचपायचे:
खाली कोण आहे?

तेच लिहिलं.
खाली कुणी असेल तर आधी अंग वेगळं कर,
मगच टॅग.
मेमरीत जागा मिळाली नाही
तर नक्कल सोडून दे, अस्सलाला अडवू नको.
आणि आरशासमोर आरसा आला
(संकेश्वरच्या सलूनमध्ये लहानपणी
मी त्यात माझीच रांग मोजत बसायचे,
न्हाव्यानं खांदा धरून फिरवेपर्यंत)
तर चौथ्या फेरीला थांब.

पॅचच्या टिपणीत कारण द्यावं लागतं.
काकांचं नाव घातलं. खोडलं.
शिवलीलाचं ठेवलं.

मग घड्याळ.
अडतीस. एकोणचाळीस.
चाळिसाव्याला मी चहाचा रिकामा कप
उगाच तोंडाला लावला.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला
महामार्गावरून एक ट्रक गेला, कागलच्या दिशेनं,
आपली पाटी घेऊन.